केनिया की टांझानिया: राहायला, पैसे गुंतवायला आणि फिरायला, कसं ठरवायचं

केनिया भारी की टांझानिया, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कशासाठी? कारण दोन आठवडे फिरायचंय, दोन वर्षं नोकरीला जायचंय का फ्लॅट घेऊन ठेवायचाय, यावर उत्तर पार बदलतं. आणि लोक काय करतात तर टांझानियाच्या झांझिबार बेटावर, तिथल्या बीचवर चार दिवस मजेत गेले की लगेच तिथे प्लॉटचे भाव काढायला लागतात. तर पहिलं काम म्हणजे तीन वेगळे कागद घ्या, राहणं, गुंतवणूक, फिरणं, आणि एका कागदावरचे मार्क दुसऱ्यावर नेऊ नका.

दुसरं, देशाची तुलना देशाशी करूच नका, शहराची शहराशी करा. टांझानियाची राजधानी कागदोपत्री डोडोमा, पण कामधंदा दार-एस-सलामला, म्हणजे राहायचा खरा सामना नैरोबी विरुद्ध दार असा आहे आणि यात हवाच अर्धा निकाल लावते. नैरोबी साधारण 1,800 मीटर उंचीवर, जुलैच्या रात्री स्वेटर घालावा लागतो, शहरात मलेरियाचा धोका कमी. दार समुद्रकाठी, वर्षभर घाम, एसी शिवाय झोप नाही आणि मच्छरदाणी हवीच. एसीचं बिल घरभाड्यात धरूनच तुलना करा, नाहीतर दारचं भाडं उगाच स्वस्त वाटतं.

घर बघायला जाल तेव्हा नैरोबीत किलिमानी, वेस्टलँड्स, पार्कलँड्स वगैरे भागांत नव्या उंच बिल्डिंगा दिसतील, जिम बिम सगळं दाखवतील, तुम्ही फक्त पाण्याचं विचारा. नैरोबीत पालिकेचं पाणी अनेक भागांत ठरलेल्या वारांनाच येतं, मग बिल्डिंगला बोअर आहे का, टँकर येतो तर पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, आणि वरच्या मजल्यावरचा बाथरूमचा नळ स्वतः सोडून बघा, धार कशी आहे ते. शक्यतो संध्याकाळी जा, तेव्हा सगळे घरी असतात आणि खरं प्रेशर कळतं. दारला मसाकी, ऑयस्टर बे, उपांगा बघाल तिथेही हेच, वर जनरेटरचं विचारा. लाईट दोन्हीकडे जाते, त्यात कुणी कुणाला हसायला नको.

भाषेचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. नैरोबीत ऑफिस, बँक, कोर्ट सगळं इंग्रजीत उरकतं. टांझानियात मात्र सरकारी कचेरीपासून डालाडालाच्या, म्हणजे तिथल्या मिनीबसच्या, कंडक्टरपर्यंत स्वाहिली, त्यामुळे लांब मुक्काम असेल तर स्वाहिली शिकायचा वेळ हिशोबात धरा. परमिटचंही तसंच, केनियात नोकरीवाल्याला क्लास डी परमिट, टांझानियात लेबर खात्याचं वर्क परमिट वेगळं आणि इमिग्रेशनचं रेसिडन्स परमिट वेगळं, दोन खिडक्या. कंपनी दोन्ही काढून देणार आहे का हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या.

आता पैसा. इथे उलट्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे परतावा किती हे नंतर, आधी परदेशी माणसाला काय करायची मुभाच नाही ते काढा. केनियात 2010 च्या राज्यघटनेनुसार परदेशी माणसाला जमीन फक्त लीजवर मिळते, जास्तीत जास्त 99 वर्षं, फ्रीहोल्ड म्हणजे कायमच्या मालकीची नाही, आणि शेतजमिनीचा नाद तर सोडाच. टांझानियात सगळी जमीन राष्ट्राध्यक्षांच्या ताब्यात विश्वस्त म्हणून असते आणि परदेशी माणसाला ती मिळते ती मान्यताप्राप्त गुंतवणुकीसाठीच, नुसतं घर बांधून राहायला नाही. झांझिबारचा जमीन कायदा मुख्य भूमीपेक्षा वेगळा, व्हॅटसुद्धा वेगळा, म्हणून एजंट "टांझानियात चालतं" म्हणाला की विचारा, कुठल्या टांझानियात?

नैरोबीत फ्लॅट घेताना लीज 99 वर्षांची आहे यावर खूश होऊ नका, किती वर्षं उरलीत ते बघा, कारण जुन्या लीजची बरीच वर्षं आधीच संपलेली असतात. टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या, बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नको. नैरोबीच्या जमिनींसाठी 2021 पासून आर्दीसासा हे ऑनलाइन पोर्टल आहे, तिथलं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळलं पाहिजे. शहरी मालमत्तेवर 4 टक्के स्टॅम्प ड्युटी लागते, ती ब्रोशरमधल्या किमतीत बहुतेक नसतेच.

छोटा धंदा टाकायचा असेल तर टांझानियाने जुलै 2025 मध्ये परदेशी लोकांना 15 प्रकारचे धंदे बंद केलेत, मोबाइल मनी एजन्सी, मोबाइल रिपेअर, सलून, टूर गाइडिंग वगैरे. मोठी गुंतवणूक असेल तर तिथे सवलतीचं सर्टिफिकेट मिळतं पण परदेशी गुंतवणूकदाराला किमान 5 लाख डॉलर दाखवावे लागतात. केनियात इन्व्हेस्टर परमिटसाठी 1 लाख डॉलर. म्हणजे छोट्या माणसासाठी केनियाचं दार जरा उघडं आहे, असं माझं मत.

पण केनियात चलनाचा झोका जबर. 2021 मध्ये डॉलरला 110 च्या आसपास शिलिंग होते, जानेवारी 2024 मध्ये 160 झाले, पुढच्या काही महिन्यांत परत 130. ज्याने 110 च्या भावाने 10,000 डॉलर नेले त्याचे 11 लाख शिलिंग झाले आणि 160 ला परत आणायची वेळ आली असती तर व्याज सोडून हातात 6,875 डॉलर. उलट फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने 18 टक्क्यांच्या वर व्याजाचे इन्फ्रास्ट्रक्चर बाँड काढले, तेव्हा डॉलर घेऊन घुसणाऱ्याची चांदी झाली. म्हणून कुठलाही परतावा तुम्ही शेवटी ज्या चलनात खर्च करणार त्यात मांडा, आणि भाव 30 टक्के पडला तर काय, हा रकाना ठेवाच.

राजकारणाबद्दल एक जुना समज आहे की केनियात राडा आणि टांझानिया शांत, तो आता पुसून टाका. केनियात जून 2024 मध्ये करवाढीविरुद्ध तरुण पोरं संसदेत घुसली आणि सरकारला फायनान्स बिल मागे घ्यावं लागलं. टांझानियात ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीच्या वेळी हिंसाचार, दारमध्ये कर्फ्यू आणि इंटरनेट बंद. ऑनलाइन काम करून पोट भरत असाल तर हे राहण्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

फिरण्याचा कागद सगळ्यात सोपा आणि मजेचा. प्राणी तेच, दोन्ही देशांत फिरणारा विल्डबीस्टचा (गाईसारख्या हरणांचा) कळप तोच, फक्त महिना बदलतो. टांझानियाचं सेरेंगेटी केनियाच्या मसाई मारापेक्षा जवळपास दहापट मोठं, कळप वर्षातला बराच काळ तिकडेच असतात, जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेला न्दुतूकडे पिल्लं होतात, जुलै ते ऑक्टोबर मारा नदी ओलांडणं. ते बघायला केनियाच हवं असं नाही, उत्तर सेरेंगेटीतूनही दिसतं, आणि माराची परदेशी लोकांची फी जुलै ते डिसेंबर 200 डॉलर दिवसाला झाल्यापासून हा हिशोब करण्यासारखाच आहे. मात्र टांझानियात पार्कात मुक्कामाची फी वेगळी, न्गोरोंगोरोच्या क्रेटरमध्ये (जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट भागात) गाडी उतरवायची वेगळी, तेव्हा ऑपरेटरकडून सगळं धरून आकडा मागा. दिवस कमी असतील तर केनिया, कारण नैरोबीला उतरलं की शहराला लागूनच नॅशनल पार्क आहे. किलिमांजारो चढायचा असेल तर वाद संपला, टांझानिया.

दोन्ही एका ट्रिपमध्ये करायचे असतील तर मारातून थेट सेरेंगेटीत जाता येत नाही, पर्यटकांना तो रस्ता बंद आहे, नमंगा किंवा इसेबानियाच्या बॉर्डरवरून वळसा घ्यावा लागतो आणि तिथे सहसा गाडी न् गाइड बदलतात, यात अख्खा दिवस जातो. तीन देशांचा 100 डॉलरचा ईस्ट आफ्रिका व्हिसा केनिया, युगांडा, रवांडाला चालतो, टांझानियाला नाही, तिथला वेगळा काढा. केनियात जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे आधी ऑनलाइन काढायची प्रवास परवानगी, आहे. झांझिबारला जाणार असाल तर ऑक्टोबर 2024 पासून तिथला 44 डॉलरचा विमा सक्तीचा, तुमचा दुसरा इन्शुरन्स असला तरी. आणि केनियातून टांझानियात शिरताना यलो फीवरचं कार्ड मागतात, ती लस निदान 10 दिवस आधी घेतलेली असावी लागते, म्हणून तिकिटं बुक करायच्या आधीच त्याची तारीख लावा.