‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ सिद्धांताच्या आधारे कशी वाचावी

आधी हातातली प्रत तपासा. ऑस्कर वाइल्डची ही कादंबरी जुलै १८९०मध्ये मासिकात आली तेव्हा तिची १३ प्रकरणं होती. १८९१च्या पुस्तकात २० झाली. प्रस्तावना आणि नटी सिबिल वेनचा भाऊ जेम्स ही नंतरची भर.

पहिल्या वाचनात सिद्धांत, म्हणजे स्त्रीवाद, मार्क्सवाद असा साहित्याकडे पाहण्याचा चष्मा, बाजूला ठेवा. डोरियन तरुणच राहतो आणि त्याऐवजी त्याचं चित्र विद्रूप होत जातं; ते बदलतं तिथे तिथे फक्त पेन्सिलीने खूण करा: सातव्या प्रकरणात ओठांवरचा क्रूरपणा, चौदाव्यात हातावरचं रक्त, विसाव्यात डोळ्यांतला धूर्तपणा आणि ओठांवरची ढोंगी मुरड. ११वं प्रकरण, रत्नं-अत्तरांच्या याद्यांचं, कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नका. या चैनीच्या वस्तू कुठून येतात, हे विचारल्याशिवाय मार्क्सवादी (वर्ग आणि श्रम पाहणारं) किंवा वसाहतोत्तर (साम्राज्य आणि वसाहती पाहणारं) वाचन पुढे सरकत नाही.

दुसऱ्या वाचनाला एकच सिद्धांत आणि एकच प्रश्न घ्या. स्त्रीवादी वाचन करायचं तर चौथं प्रकरण उघडा. सिबिल आज इमोजेन, उद्या ज्युलिएट (दोघी शेक्सपिअरच्या नायिका), असं तिच्या प्रेमात पडलेला डोरियन सांगतो. मग ती सिबिल वेन कधी असते, असं त्याचा मित्र लॉर्ड हेन्री विचारतो. उत्तर येतं: कधीच नाही. सातव्या प्रकरणात ती भूमिकांमधून बाहेर पडते, तो तिला झिडकारतो आणि चित्रावर पहिली रेघ उमटते. हा धागा संवादातूनच सिद्ध होतो, परिभाषेची गरज फार उशिरा पडते.

क्विअर वाचनात, म्हणजे समलैंगिक आकर्षणाच्या खुणा शोधताना, सगळ्यात जास्त घसरगुंडी होते, कारण समलैंगिक संबंधांवरून वाइल्डवर चाललेल्या १८९५च्या खटल्यालाच पुरावा मानलं जातं. त्याऐवजी नवव्या प्रकरणातली, डोरियनचं चित्र काढणाऱ्या बेसिलची त्याच्याबद्दलच्या ओढीची कबुली १८९०च्या पाठाशी ताडून पाहा. पुस्तकात ती सौम्य केलेली आहे. काय गेलं ते शब्दशः टिपून ठेवा.

प्रस्तावनेचा आधार घेऊन निकाल देऊ नका. पुस्तक नैतिक किंवा अनैतिक नसतं, असं ती म्हणते. शेवटी मात्र चित्रावर सुरी चालवणारा डोरियन स्वतः मरतो आणि नोकर त्याला अंगठ्यांवरून ओळखतात. मराठीत फडके-खांडेकरांमुळे कलावाद विरुद्ध जीवनवाद ही विभागणी आपल्या जिभेवर असते, पण ती इथे चिकटवली की हा ताणच नाहीसा होतो. म्हणून निबंधात एक परिच्छेद तुमच्या मांडणीला न जुमानणाऱ्या उताऱ्यासाठी राखून ठेवा. स्त्रीवादी मांडणीत तो बेसिलचा घ्या, कारण बेसिलही डोरियनकडे माणूस म्हणून क्वचितच पाहतो.