केप टाउनच्या गार पाण्यात स्नॉर्केलिंग: आधी वारा बघा, मग सूट

केप टाउनमध्ये स्नॉर्केलिंगला निघण्याआधी माणसं वाऱ्याची दिशा बघतात. जागा, वेळ, वेटसूट (गार पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख) हे सगळं त्यावरून ठरतं. मालवण-तारकर्लीला लाइफ जॅकेट घालून, वाटाड्याच्या हाताला धरून मासे पाहिले असतील, तर त्यातलं मास्कमधून बघणं आणि तोंडाने श्वास घेणं इथे उपयोगी पडेल. बाकीचं नव्याने शिकावं लागतं, कारण तिथलं पाणी २७-२८ अंशांचं असतं आणि इथलं त्याच्या निम्मं, कधी त्याहूनही कमी.

शहराच्या दक्षिणेला द्वीपकल्पाची चिंचोळी पट्टी समुद्रात घुसलेली आहे. तिच्या पश्चिमेला उघडा अटलांटिक आहे, तर पूर्वेला फॉल्स बे नावाचा मोठा उपसागर. (केप पॉइंटला दोन महासागर मिळतात असं पर्यटकांना हौसेने सांगितलं जातं. हिंदी महासागराची हद्द प्रत्यक्षात बऱ्याच पुढे, केप अगुल्हासला सुरू होते.) गाडीने तासाभरात एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाता येतं, पण एकाच दिवशी दोन्हीकडच्या पाण्यात पाच-सात अंशांचा, कधी त्याहूनही जास्त फरक पडू शकतो.

उन्हाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्च, इथे आग्नेयेचा वारा घोंघावतो. स्थानिक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. तो पश्चिम किनाऱ्यावरचं वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी तळातलं गार पाणी वर येतं. त्यामुळे भर जानेवारीत, बाहेर ३० अंशांचं ऊन असताना, कॅम्प्स बेच्या बाजूला पाणी १० अंशांवर आलेलं असतं. पण हेच पाणी निवळशंख असतं. वारा पडून दोन-चार दिवस ऊन लागलं की खालून वर आलेल्या क्षारांवर प्लवक फोफावतात आणि पाणी हिरवट होतं. म्हणून अटलांटिकच्या बाजूची खरी संधी म्हणजे जोरदार आग्नेय वारा थांबल्यानंतरची पहिली-दुसरी सकाळ. तेव्हा औडेक्राल गाठावं. कॅम्प्स बे आणि लँडुडनो यांच्या मधली ही खडकाळ जागा राष्ट्रीय उद्यानात येते, त्यामुळे तिकीट लागतं आणि फाटकाची वेळ पाळावी लागते.

हाच वारा फॉल्स बेमध्ये लाटा लोटतो आणि तिथलं पाणी ढवळून टाकतो. पाणी १८ ते २० अंश, म्हणजे इथल्या मानाने ऊबदार, पण समोर धरलेला हात धूसर दिसेल इतकं गढूळ. हिवाळ्यात, मे ते ऑगस्ट, गणित उलटं होतं. वायव्येचे वारे अटलांटिकची बाजू खवळून टाकतात आणि सायमन्स टाउनचा किनारा डोंगराच्या आडोशाला शांत राहतो. पाणी १३ ते १५ अंश आणि स्वच्छ. पहिल्यांदाच जाणाऱ्याने हाच मोसम धरावा आणि शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या विंडमिल बीचवर जावं. गोल्फच्या मैदानाला लागून असलेली ही छोटी खाडी मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांनी वेढलेली आहे. आत शिरायला वाळू, दहा-वीस मीटरवर केल्पचं (झाडासारख्या उंच समुद्री शेवाळाचं) रान आणि खोली बहुतेक ठिकाणी तीन ते सहा मीटर.

हवामानाच्या ॲपवर लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही वाचावेत. दीड मीटरची लाट ८ सेकंदांनी येत असेल तर ती वरवरची खळबळ असते. तीच १४ सेकंदांनी येत असेल तर दुरून आलेली, खडकांमध्ये माणसाला पुढेमागे फेकणारी ताकद तिच्यात असते. किनाऱ्यावर पोचल्यावर कपडे बदलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांमध्ये कित्येक मिनिटं समुद्र भोळा वाटतो. बाहेर यायची जागा याच वेळी ठरवायची, आणि एक नव्हे तर दोन. जोरदार पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस थांबावं; शहरातलं सांडपाणी नाल्यांवाटे समुद्रातच येतं.

अंगावर काय

५ मिलिमीटरचा वेटसूट हे किमान. डोक्यावर हूड हवंच, मग तो जोडलेला असो वा वेगळा. हूडशिवाय गार पाण्यात तोंड बुडवलं की कपाळात कळ येते आणि बहुतेकांचा बेत तिथेच संपतो. पायात ३ ते ५ मिलिमीटरचे बूट, हातात ३ मिलिमीटरचे मोजे. सूट भाड्याने घेताना काखेत, कंबरेच्या मागच्या खळगीत आणि मानेशी पोकळी राहते का ते बघावं. सूट ऊब धरतो तो अंगालगतचं पाणी अडवून. पोकळीतून दर हालचालीला गार पाणी आत-बाहेर होत असेल तर ७ मिलिमीटरचा सूटही कुचकामी. घट्टपणाची हद्द मात्र छातीवर ठरते: पूर्ण श्वास भरता आलाच पाहिजे.

आतून अस्तर नसलेले दोन तुकड्यांचे सूट जास्त ऊबदार असतात, पण कोरड्या अंगावर चढत नाहीत, ओढले की फाटतात. एक भाग केसांचं कंडिशनर आणि दहा भाग कोमट पाणी बाटलीत हलवून सूटच्या आत ओतावं, मग नखं न लावता बोटांच्या पेरांनी वर सरकवावा.

मास्क सिलिकॉनच्या झालरीचा, आत कमी हवा मावणारा. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्टने दोन-तीनदा चोळून काढला नाही तर थुंकी लावा की महागडा फवारा मारा, काच धुरकटणारच. हूडची कड झालरीखाली अडकली की मास्क गळतो, आणि गळण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण आहे. मिशीवाल्यांनी नाकाखालची अगदी वरची रेघ तेवढी कातरली तरी पुष्कळ फरक पडतो. चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो. अख्खा चेहरा झाकणारे मास्क इथे नकोत: लाटेत पाणी भरलं तर ते पटकन काढता येत नाहीत, आणि बुडी मारताना कान मोकळे करायला नाक चिमटीत धरता येत नाही.

स्नॉर्केल साधी, वाकडी नळी, झडपा नसलेली. फिन्स, म्हणजे पायात घालायची रबरी वल्ही, आखूड किंवा मध्यम. फ्रीडायव्हिंगचे (श्वास रोखून खोल बुडी मारण्याचे) लांब फिन्स केल्पमध्ये गुंततात. पट्ट्यांची लोंबती टोकं आत खोचावीत. कंबरेला किंवा दोरीला बांधलेला भडक रंगाचा तरंगता बोया आणि गळ्यात शिट्टी.

वजनाबद्दल सावध राहावं. ५ मिलिमीटरचा सूट माणसाला बुचासारखा वर ठेवतो आणि पृष्ठभागावरून बघण्यासाठी ते उत्तमच आहे, वजन लागतच नाही. बुडी मारायची असेल तर २ किलोपासून सुरू करावं आणि अर्ध्या-एका किलोने वाढवावं. कसोटी अशी: पाण्यात उभं राहून, हातपाय न हलवता, श्वास नेहमीसारखा सोडल्यावरही डोकं वर राहिलं पाहिजे. खोल जाताना सूटच्या रबरातले हवेचे बुडबुडे दाबले जातात, १० मीटरवर ते निम्मे होतात, आणि वर योग्य वाटलेलं वजन खाली ओढू लागतं. पट्टा रबरी, एका हाताने झटक्यात सुटणारा हवा.

पहिली तीन मिनिटं

गार पाण्यात शिरताच दम कोंडतो, मग धापा लागतात, छातीत धडधडतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सर्वात जास्त असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. या काळात पोहायचं नाही. कंबरभर पाण्यात उभं राहून चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारावं, सूटच्या गळ्यातून थोडं पाणी आत घ्यावं, श्वास लांब सोडण्याकडे लक्ष ठेवावं. धाप थांबल्यावरच मास्क लावून तोंड बुडवावं. थर्मासमधलं कोमट पाणी आधीच सूटमध्ये ओतलं तर हा टप्पा सोपा जातो. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. धोका याच मिनिटांत असतो.

१३ अंशांच्या पाण्यात पहिल्या वेळी वीस मिनिटं पुष्कळ झाली. पुढे सवयीने चाळीस-पन्नास. बरं वाटत असताना निघायचं, कारण परतीचं पोहणंही त्यातच मोजायचं असतं. अधूनमधून मोज्यातल्या हाताचा अंगठा करंगळीला लावून बघावा. लागत नसेल तर निघायला उशीरच झालेला आहे. हुडहुडी भरली की लगेच बाहेर, आणि हुडहुडी आपोआप थांबून ‘आता थंडी वाटत नाही’ असं सोबतीने म्हटलं तर त्याला हाताला धरून बाहेर काढावं. एकट्याने जाऊ नयेच.

केल्पच्या रानात

इथला मुख्य केल्प म्हणजे सी बांबू, एक्लोनिया मॅक्सिमा. पोकळ, हवा भरलेला लांब देठ आणि टोकाला पाण्यावर पसरलेली पानं. ओहोटीला, त्यातही उधाणाच्या ओहोटीला, ही पानं पृष्ठभागावर चटईसारखी अंथरली जातात आणि वरून पोहणं जिवावर येतं. अर्ध्या भरतीपासून पूर्ण भरतीपर्यंतची वेळ धरावी. तेव्हा देठ ताठ उभे राहतात आणि मधून वाटा दिसतात.

चटई ओलांडावीच लागली तर अंग पालथं, सपाट ठेवायचं, दोन्ही हातांनी पुढची पानं खाली दाबत त्यांच्यावरून सरकायचं, पाय जवळजवळ मारायचेच नाहीत. पाय झाडणं आणि गोल फिरणं याच दोन गोष्टींनी माणूस गुंततो. अडकल्यासारखं वाटलं तर थांबा, मागे वळू नका. जिथून आलात तिथेच सरळ मागे सरका, बहुधा एखादा देठ फिनच्या पट्टीत असतो आणि हाताने निघतो. लाट येताना देठ धरून ठेवला तर नांगरासारखा उपयोग होतो. लाटेच्या ओढीत खडक पकडण्यापेक्षा हे बरं, कारण खडकांवर काटेरी सी अर्चिन खच्चून भरलेले असतात आणि त्यांचे काटे मोज्यातून आत जाऊन मोडतात.

बुडी मारताना स्नॉर्केल तोंडातून काढावी. आधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. त्याने जास्त हवा मिळत नाही, फक्त श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते आणि शुद्ध हरपू शकते. एक खाली, एक वर, आणि खालचा वर आल्यावर वरच्याने अर्धा मिनिट त्याच्याकडेच बघायचं. वर येताना एक हात डोक्यावर, म्हणजे केल्प बाजूला सारता येतो.

हळू राहिलात तर वाळूत झोपलेले शायशार्क दिसतात, घाबरले की शेपटी डोळ्यांवर ओढून वेटोळं करणारे. कपारींत पट्टेदार पायजमा शार्क, खडकांवर रंग बदलणारे क्लिपफिश, नशीब असेल तर ऑक्टोपस. शायशार्क आणि पायजमा शार्क माणसाला निरुपद्रवी, पण उचलून बघण्यासाठी नाहीत. उन्हाळ्यात आग्नेय वाऱ्याबरोबर फॉल्स बेमध्ये ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डंख करणारे जीव येतात. वाळूवर निळे फुगे पडलेले दिसले तर त्या दिवशी बेत रद्द.

सीलपासून दूरच राहावं, आणि त्याला आता ठोस कारण आहे. २०२४ मध्ये या किनाऱ्यावरच्या केप फर सीलमध्ये रेबीज असल्याचं निष्पन्न झालं. सील जवळ आला तर शांतपणे किनाऱ्याकडे निघावं. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी. मोठ्या पांढऱ्या शार्कचा वावर फॉल्स बेमध्ये गेल्या काही वर्षांत फार कमी झाला आहे, पण शार्क स्पॉटर्सचे, म्हणजे किनाऱ्यावरून शार्कवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांचे झेंडे वाचता आलेच पाहिजेत. हिरवा म्हणजे नजर नीट पोचते आहे आणि शार्क दिसलेला नाही. काळा म्हणजे दिसलेला नाही, पण पाण्यात नीट दिसतही नाही. लाल म्हणजे नुकताच दिसून गेला. पांढऱ्यावर काळा शार्क आणि भोंगा म्हणजे ताबडतोब बाहेर. मुझेनबर्ग, फिश होकसारख्या किनाऱ्यांवर हे झेंडे दिसतात. जिथे झेंडाच नाही तिथे कुणी पहारा देत नाही असंच धरावं.

हा सगळा किनारा २००४ पासून टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या सागरी संरक्षित क्षेत्रात आहे. बोल्डर्स, कासल रॉक अशा काही पट्ट्यांत काहीही पकडायला पूर्ण बंदी. पर्लमून (ॲबलोनी) नावाची मोठी समुद्री गोगलगाय तर कुठेही उचलायची नाही. तिच्या चोरट्या व्यापारामुळे इथे तपासणी कडक असते. लॉब्स्टरला परवाना आणि मोसम लागतो. अडचणीत मोबाइलवरून ११२.

बाहेर आल्यावर

बाहेर पडल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही काळ उतरतच राहतं, कारण हातापायांतलं गार झालेलं रक्त परत फिरतं. म्हणून पाण्यात ठीक असलेला माणूस पार्किंगमध्ये थडथडू लागतो. वारा अडेल अशा जागी आधी वरचा भाग काढून अंग पुसावं, लोकरीची टोपी आणि सदरा घालावा, मग खालचा भाग. गोड गरम चहा घ्यावा; दारू नको. लगेच कडकडीत पाण्याची अंघोळ टाळावी, चक्कर येते. बोटांत ताकद परत येईपर्यंत, निदान अर्धा तास, गाडी चालवू नये.

सूट, बूट, मोजे गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळत घालावेत, सूट कंबरेशी दुमडून जाड दांडीवर. तारेच्या हँगरने खांद्यावर चिरा पडतात आणि पुढच्या वेळी पाणी नेमकं तिथूनच आत येतं.