कीटकांकडून रचना शिकवण्याच्या सत्राची तयारी

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना कीटकांच्या शरीररचनेतून अभियांत्रिकीची ओळख करून द्यायची असेल, तर साहित्य जमवण्याच्या आधी एक कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखावेत: कीटकासमोरची अडचण, ती सोडवणारा अवयव, आणि तो अवयव नेमका कसा काम करतो. निवडलेल्या कीटकाचा तिसरा रकाना आपल्यालाच सोप्या शब्दांत भरता येत नसेल, तर तो कीटक कितीही देखणा असला तरी सत्रातून वगळावा. ही काळजी घेतली नाही, तर मुले पुठ्ठ्याला फुलपाखराचे पंख चिकटवतात आणि आपण त्यालाच रचना म्हणून मोकळे होतो. एका सत्राला दोन, फार तर तीन कीटक पुरेसे होतात.

पहिला मान उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील ‘डायबॉलिकल आयर्नक्लॅड बीटल’ या भुंगेऱ्याला द्यावा. याला उडता येत नाही. त्याचे पुढचे कठीण पंख एकमेकांना कायमचे जोडले जाऊन पाठीवर कवच बनले आहे. हे कवच त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३९,००० पट भार सोसते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. यातली खरी गंमत दोन पंखांमधल्या शिवणीत आहे. तिथे चित्रकोड्याच्या तुकड्यांसारख्या जिभा एकमेकींत अडकलेल्या असतात आणि भार वाढल्यावर त्या मानेशी एकदम तुटत नाहीत, तर त्यांचे आतले थर हळूहळू सुटत जातात, त्यामुळे कवच अचानक फुटत नाही. याच्या प्रयोगासाठी एकाच जाडीच्या कार्डपेपरच्या पट्ट्या कापून ठेवाव्यात. मुलांनी पट्टीच्या टोकाला जीभ आणि दुसऱ्या पट्टीत तिच्या मापाची खाच कापून जोड तयार करावा, तो उलगडून निसटू नये म्हणून दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये सैलसर धरावा आणि खाली वजने टांगून तो कधी सुटतो ते नोंदवावे. जिभेची मान अरुंद ठेवली तर ती फाटते आणि फार रुंद ठेवली तर जीभ खाचेतून निसटते. दोन्ही प्रकार मुलांच्या हातून घडू द्यावेत आणि मधले माप त्यांनाच शोधू द्यावे. त्यासाठी हा प्रयोग आपण आदल्या दिवशी एकदा करून पाहावा, कारण कागद फार जाड निघाला तर कापण्यातच सगळा वेळ जातो.

दुसरे उदाहरण दातेरी चाकांचे घ्यावे. ‘इसस’ या तुडतुड्याच्या पिल्लाच्या मागच्या पायांच्या मुळाशी एकमेकांत गुंतणारे दहा-बारा दाते असतात, त्यामुळे उडी मारताना दोन्ही पाय जवळजवळ एकाच क्षणी झटकले जातात आणि पिल्लू हवेत गरगरत नाही. केंब्रिज विद्यापीठातील माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी २०१३ मध्ये हे मांडले. गोष्ट सांगण्याआधी पुठ्ठ्याची दातेरी चाके मुलांच्या हाती द्यावीत. मग हेही सांगावे की शेवटची कात टाकल्यावर प्रौढ तुडतुड्याचे हे दाते नाहीसे होतात. असे का होत असावे, हा प्रश्न तसाच सोडून थोडा वेळ थांबावे. पिल्लाचा तुटलेला दाता पुढच्या कातीबरोबर भरून निघतो, प्रौढाचा मात्र निघत नाही, हे संशोधकांनी सुचवलेले एक कारण नंतर सांगावे; दुरुस्तीचा विचार हाही रचनेचाच भाग असतो, हे मुलांना त्यातून आपोआप उमगते.

सहा पायांच्या चालीसाठी कोणतेही साहित्य लागत नाही. तीन मुलांना एकामागे एक उभे करून पहिल्याने आणि तिसऱ्याने डावा पाय टाकावा, त्याच वेळी मधल्याने उजवा. तीन पाय नेहमी जमिनीवर राहिल्याने कीटकाचा तोल कसा सांभाळला जातो, हे दोन मिनिटांत कळते.

गोष्टींची पडताळणी मात्र कंटाळा न करता करावी, कारण या विषयात ऐकीव माहिती फार फिरते. वेल्क्रोची कल्पना कपड्याला चिकटणाऱ्या वनस्पतीच्या काटेरी फळावरून आली, कीटकावरून नव्हे. आणि आठ पायांचा कोळी कीटकांत मोडत नाही. झिम्बाब्वेतील हरारे येथील १९९६ मधल्या ‘ईस्टगेट सेंटर’ या इमारतीत हवा खेळती ठेवण्याच्या योजनेला वाळवीच्या वारुळांची प्रेरणा होती हे खरे. पण वारुळातील हवा तेव्हा मानले जात होते त्याहून वेगळ्या रीतीने खेळते, असे पुढच्या अभ्यासांतून दिसले, तेव्हा ही कथा सांगताना ‘हुबेहूब नक्कल’ हा शब्द टाळावा. आकारमानाचा प्रश्नही हमखास येईल: पाण्यावर चालणारा कीटक माणसाएवढा केला तर? वाटीभर पाणी, कागदाची पिन आणि साबणाचा थेंब जवळ ठेवावा. पृष्ठताणावर, म्हणजे पाण्याच्या ताणलेल्या वरच्या थरावर, हलकेच ठेवलेली पिन तरंगते आणि साबणाने बुडते. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होते, पण पाण्याला टेकणारी कड दुप्पटच वाढते, एवढे फळ्यावर दाखवले की पुरे.

निरीक्षणासाठी भिंगे आणि मोजपट्ट्या ठेवाव्यात, तर खिडकीशी मरून पडलेले कीटक छोट्या डब्यांत आधीच गोळा करावेत. जिवंत कीटक आणलाच तर तो हवेशीर पारदर्शक डबीत थोडाच वेळ ठेवून जिथून आणला तिथेच सोडावा. मधमाशी आणि गांधीलमाशी आणू नयेत, आणि कोणाला दंशाची ॲलर्जी आहे का हे पालकांना आधी विचारावे. दोन तासांचे सत्र असेल तर निम्मा वेळ चाचणी आणि दुसऱ्या नमुन्यासाठी राखावा, व दुसऱ्या नमुन्यात एकच बदल करायचा असा नियम नोंदवहीच्या पानावर छापूनच द्यावा. वजने जिथे टांगली जातील तिथे खाली जाड उशी ठेवावी. जोड सुटतो तेव्हा वजने थेट पायावर येतात.