धुक्यात विमान उतरवताना या चुका टाळा

थंडीत निफाडचा पारा घसरला की पहाटे ओझरच्या आजूबाजूला द्राक्षबागांवर धुक्याचा पातळ थर बसतो. अशा सकाळी पांडवलेण्यावर चढून बघा. वरून महामार्ग, घरांची छपरं, झाडं असं सगळं आरपार दिसतं. मग खाली रस्त्यावर येऊन उभे राहा, पुढचा विजेचा खांबही दिसत नाही. धुकं तेच असतं. वरून नजरेला फक्त थराची जाडी ओलांडायची असते, खाली आल्यावर आडवं धुकंच धुकं.

माझ्याकडे उड्डाण शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हेच समजावतो, कारण पहिली चूक इथेच होते. दीड हजार फुटांवरून रनवे स्वच्छ दिसतो, पायलट खूश होतो, उपकरणांवरची नजर काढतो आणि ‘दिसतोय की’ म्हणत उतरायला लागतो. मग शेवटच्या ५० फुटांत, नाक उचलायच्या क्षणी, विमान थरात शिरतं आणि रनवेच्या कडा गायब होतात. वरून रनवे दिसला तरी आरव्हीआरचा (रनवेवर किती मीटरपर्यंत दिसतं त्याचा) आकडा विसरू नका. तो रनवेलगत मोजलेला असतो आणि शेवटी तुम्हाला तिथेच पोचायचं असतं. फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, दिसेनासं झालं तर चाचपडत टेकवू नका, गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढा.

दुसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते: निर्णय २०० फुटांवर ढकलणं. कॅटेगरी एकच्या आयएलएसला (रेडिओ संकेतांनी रनवेपर्यंत आणणारी यंत्रणा, तिची सर्वात साधी श्रेणी) डिसिजन हाइट, म्हणजे उतरायचं की वर जायचं हे ठरवण्याची उंची, २०० फुटांच्या खाली नसते आणि आरव्हीआर निदान ५५० मीटर लागतो. तीन अंशांच्या ग्लाइड स्लोपवर (उतरण्याच्या तिरप्या वाटेवर), १४० नॉट्सने येणाऱ्या जेटला तिथून रनवेला टेकायला जेमतेम १६ सेकंद उरतात. एवढ्या वेळात विचार होत नाही, आधी केलेला विचार फक्त अमलात येतो. म्हणून खाली यायला सुरुवात करण्याआधीच ब्रीफिंगमध्ये ठरवून टाका: मिनिमा (उंची आणि दृश्यमानतेची किमान मर्यादा) किती, नेमकं काय दिसलं तर उतरायचं, नाही दिसलं तर पहिला हात कुठे. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर यांपैकी आत्ता मोकळी हवा कुठे आहे? तिथे पोचण्याचं इंधन आणि त्यावर ३० मिनिटांचं राखीव धरून एक आकडा काढा आणि कागदावर लिहा. ऊन वर आलं की असं धुकं बहुधा विरतं, त्यामुळे होल्डमध्ये (हवेतच घिरट्या घालत) थांबणं शहाणपणाचं असू शकतं, पण त्या आकड्यापर्यंतच. ‘अजून पाच मिनिटं’ असं एकदा म्हटलं की ती पाच मिनिटं वाढतच जातात.

तिसरी चूक मी स्वतः केली आहे. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, असताना एका पहाटे डिसिजन हाइटला कॅप्टननी विचारलं, ‘लाइट्स दिसले?’ मी ‘हो’ म्हणालो. खरं तर मला धुक्यात पसरलेला पिवळट उजेड तेवढा दिसला होता. तो अप्रोच लाइट्सचा (रनवेच्या अलीकडच्या दिव्यांचा) होता की बाजूच्या एखाद्या शेडचा, देव जाणे. माझ्या ‘हो’वर त्यांनी विमान पुढे नेलं. रनवे सापडला, पण आम्ही मधल्या रेषेच्या बरेच डावीकडे होतो. त्या दिवसापासून मी ‘हो’ हा शब्द कॉकपिटमध्ये वापरत नाही. ‘अप्रोच लाइट्स, सरळ समोर’ किंवा ‘काही नाही’. नुसता उजेड दिसणं म्हणजे ‘काही नाही’.

आणि एकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं की दुसऱ्याने वाद घालायचा नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला फर्स्ट ऑफिसरने तीनदा सांगूनही अप्रोच (उतरण्याचा प्रयत्न) सोडला गेला नाही आणि १५८ जीव गेले. तिथे तर दृश्यमानताही चांगली होती. धुक्यात ‘सर, नको’ म्हणायला ज्युनिअरला दुप्पट धीर लागतो, तो त्याला ब्रीफिंगमध्येच द्या.

क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरमध्ये (उंचीमापकात) लावायचा हवेचा दाब, दोघांनी स्वतंत्रपणे तपासा. दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण २८ फूट. १००३ ऐवजी १०१३ लावलात तर अल्टिमीटर जवळपास २८० फूट जास्त दाखवेल, म्हणजे काटा २०० फूट शिल्लक सांगत असताना तुमच्याखाली काहीच उरलेलं नसेल. ‘जरा खाली जाऊन बघू’ या सवयीला याच कारणासाठी माझा ठाम विरोध आहे. दाट धुक्यात लँडिंग लाइटचा झोत परत डोळ्यांवर येतो, तो बंद करून बघा.

पहिला गो-अराउंड बहुतेकजण नीट करतात. दुसऱ्या वेळी मात्र मनावर ओझं असतं. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पावसात पहिला अप्रोच सोडून दिला होता. दुसऱ्यांदा पाठच्या वाऱ्यात विमान रनवेवर फार पुढे टेकलं आणि टोकापलीकडे गेलं. दोन्ही पायलटांसह २१ माणसं गेली. म्हणून दुसऱ्या अप्रोचआधी ब्रीफिंग पुन्हा पहिल्यापासून करा: वारा, रनवेची लांबी, वायपर, इंधन. काय बदललं ते एकमेकांना मोठ्याने सांगा. काहीच सुधारलं नसेल तर दुसरा प्रयत्नही नको, तिथूनच डायव्हर्जन (दुसऱ्या विमानतळाकडे वळणं) मागा.