सायकलवर दम नेमका कुठे वाया जातो

सिंहगडाचा घाट म्हणजे सुमारे 600 मीटरचा चढ. स्वार 70 किलोचा आणि सायकल 12 किलोची धरली, तर नुसतं वजन वर न्यायला 480 किलोज्यूल काम लागतं. त्यात नवखा-मुरलेला असा भेद नाही. शरीर जाळतं त्यातली 20 ते 25 टक्केच ऊर्जा पेडलपर्यंत पोचते, म्हणून हा खर्च साधारण 480 किलोकॅलरी धरायचा. या टक्केवारीतही दोघांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो चालवण्यात.

नवखा पायथ्यालाच जोर लावतो. जोर वाढला की शरीर चरबी सोडून स्नायूंतली साखर भराभर जाळतं, आणि तो साठा बेताचाच असतो. पहिला एक तृतीयांश चढ पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने चढा. सगळ्यात हलका गिअर चढ लागण्याआधी टाका. जोर लावलेला असताना बदलला तर चेन कडकडते, कधी उतरतेही.

सपाटीवर खरा शत्रू हवा. ताशी 25 वरून 30 किलोमीटरवर जायचं तर हवा कापायला 1.7 पट ताकद लागते. कोपरं वाकवून अंग खाली घ्या. समोरून वारा असेल तर वेग सोडा, जोर तोच ठेवा. सरावलेल्या जोडीदाराच्या मागे मीटरभर अंतरावर राहिलात तरी बरीच बचत होते. फक्त त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी आपलं पुढचं चाक नेऊ नका.

सीट बहुतेकांची खालीच असते. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलली तर 5 मिलिमीटर खाली घ्या. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो.

15 सेकंदांत एक गुडघा 20 ते 22 वेळा वर आला, म्हणजे पेडलचे मिनिटाला 80-88 फेरे झाले. एवढी गती ठेवा. (संथ फेऱ्यांना ऑक्सिजन कमी लागतो हे खरं, पण जड गिअरमध्ये मांड्या लवकर भरतात. 100 चा हट्टही नको.)

चेन पुसून तेल द्या, वरचं तेल फडक्याने टिपा.

दीड तासाहून लांबची राइड असेल तर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला लागा: ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक ते दोन मोठी केळी. भूक लागल्यावर खाल्लेलं केळं त्या चढाला उपयोगी पडत नाही.