दाढेला सिमेंट पुरेल की कॅप लागेल, हे कसे ठरवावे

दाढ किडली किंवा तिचा तुकडा पडला की दवाखान्यात बोलणे लगेच खर्चावर येते: सिमेंटला किती आणि कॅपला किती? वास्तविक कीड पूर्ण काढल्यावर दाताचा निरोगी भाग किती आणि कोणत्या बाजूला उरतो, यावर दुरुस्तीचा प्रकार ठरायला हवा. कोणते साहित्य वापरायचे, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणूनच एक्स-रे पाहून दिलेला अंदाज कच्चा समजावा आणि कीड काढून झाल्यावर दाताचा फोटो दाखवण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवणारी खालची पहिली दाढ उदाहरणादाखल घेऊ. ती कोणताही दुधाचा दात पडल्याशिवाय मागे येत असल्यामुळे पुष्कळ घरांत तिलाच दुधाची दाढ समजतात आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्या चावण्याच्या पृष्ठभागावर लहानसा खड्डा असेल आणि चारही भिंती शाबूत असतील, तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरणे पुरते. तिथे कॅपचा आग्रह अनाठायी आहे. कॉम्पोझिट दाताला चिकटते, त्यामुळे ते धरून ठेवण्यासाठी निरोगी भाग कोरावा लागत नाही. मात्र भरताना लाळ किंवा हिरडीचे रक्त लागले तर ही चिकट पकडच बिघडते. त्यासाठी रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावणारा आणि नेहमीचे कॉम्पोझिट साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर प्रकाशाने पक्का करणारा डॉक्टर वेळ जास्त घेतो, पण तो वेळ सत्कारणी लागतो.

खड्डा हिरडीखाली गेला असेल आणि जागा कोरडी ठेवणेच शक्य नसेल, तर ग्लास आयनोमर हे दुसऱ्या प्रकारचे सिमेंट बरे. ते थोडा ओलावा सहन करते व फ्लोराइडही सोडते. पण चावण्याच्या जागी ते लवकर झिजते. चांदीच्या सिमेंटात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो आणि 2017 मध्ये अमलात आलेल्या, पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याचा वापर कमी केला जात आहे. तरीही जुने चांदीचे सिमेंट घट्ट बसलेले असेल आणि त्याखाली कीड नसेल, तर केवळ भीतीपोटी ते काढून घेऊ नये.

खरी अडचण मधल्या अवस्थेत येते. दोन दातांमधून सुरू झालेल्या किडीने दाढेच्या पुढची आणि मागची अशा दोन्ही भिंती गेल्या असतील आणि चावण्याच्या पृष्ठभागाचे उरलेले उंचवटे साधारण दोन मिलिमीटरहून पातळ असतील, तर नुसते सिमेंट भरल्यावर एखाद्या दिवशी सुपारी फोडताना किंवा भाकरीतला खडा लागून उंचवटा तुटतो, आणि कधी कधी चीर मुळापर्यंत जाऊन दाढच काढावी लागते. अशा वेळी ऑनले, म्हणजे पूर्ण दाताऐवजी फक्त उंचवटे झाकणारे आवरण, हा पर्याय विचारून घ्यावा. कॅपसाठी वरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि सभोवतालूनही दात घासावा लागतो. ऑनलेत त्यातला बराच भाग वाचतो. चावल्यावर दाब सोडताना कळ येत असेल तर दाताला तडा गेल्याची शंका घ्यावी. असा तडा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही.

रूट कॅनालनंतर दाढेला कॅप सांगतात, ते योग्यच आहे; पण 'नस काढली म्हणून दात ठिसूळ होतो' हे कारण अपुरे आहे. कीड आणि उपचार मिळून दाताचा मोठा भाग गेलेला असतो, हे मुख्य कारण. म्हणूनच मागून लहान छिद्र पाडून रूट कॅनाल केलेल्या पुढच्या दाताला पुष्कळदा कॉम्पोझिटवर भागते.

कॅप ठरली तर एक प्रश्न अवश्य विचारावा: हिरडीच्या वर सर्व बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उरला आहे का? नसेल तर आत पोस्ट (मुळात बसवायची खुंटी) बसवूनही कॅप सैल होण्याचा किंवा मूळ फुटण्याचा धोका राहतो. मग हिरडी खाली घेण्याची शस्त्रक्रिया, किंवा दात काढून इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) वा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारे बसवलेला दात), यांचा विचार करावा लागतो. ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात, हेही आधीच समजून घ्यावे.

साहित्याचे म्हणाल, तर दिसण्याची फिकीर नसलेल्या मागच्या दाढेला धातूची कॅप आजही उत्तम, कारण तिच्यासाठी दात सर्वांत कमी घासावा लागतो. धातूवर सिरॅमिक असलेल्या कॅपचा टवका उडू शकतो आणि हिरडी खाली सरकल्यास काळसर रेघ दिसते. झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची कॅप मजबूत असते. फक्त ती बसवल्यावर घासून जुळवली तर पुन्हा पॉलिश करून घ्यावी, कारण खरखरीत झिर्कोनिया तिच्यावर टेकणारा समोरचा दात झिजवते. पुढच्या दातांसाठी लिथियम डायसिलिकेट हे काचेसारखे सिरॅमिक अधिक नैसर्गिक दिसते. झोपेत दात खाणाऱ्यांनी कोणतीही कॅप घेतली तरी रात्री दातांवर बसवायचे संरक्षक आवरण, म्हणजे नाइट गार्ड, लावावे.

बधिरता उतरल्यावर दात मिटताना नवी दुरुस्ती आधी टेकत असेल, तर 'सवय होईल' म्हणून थांबू नये. दोन-तीन दिवसांत परत जाऊन, रंगीत कागद चावून उंची तपासून घ्यावी.