डिस्ट्रोफिनचा अभाव असलेल्या मुलाच्या हृदयाची तपासणी कशी आखावी

ड्युशेन स्नायुविकाराचे, म्हणजे डिस्ट्रोफिनच्या अभावामुळे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणाऱ्या जनुकीय आजाराचे, निदान झाले की पालकांचे लक्ष साहजिकच मुलाच्या पायांकडे जाते. हृदयाची काळजीही तेव्हापासूनच सुरू व्हायला हवी. डिस्ट्रोफिन हे प्रथिन पेशीच्या पटलाखाली राहून आतील अ‍ॅक्टिनचा सांगाडा पटलातील डिस्ट्रोग्लायकन या प्रथिनाशी आणि त्याच्यामार्फत पेशीबाहेरील आधाराशी बांधून ठेवते. ते नसले की प्रत्येक ठोक्याचा ताण पटलाला सोसवत नाही, त्याला सूक्ष्म चिरा पडतात, कॅल्शियम आत शिरते आणि मेलेल्या पेशींच्या जागी व्रणासारखी कडक ऊती साचत जाते.

निदान होताच हृदयरोगतज्ज्ञांकडून ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावे व पुढे दरवर्षी तपासणी चुकवू नये. मूल भूल न देता स्थिर पडून राहू शकत असेल, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांचे झाले की, हृदयाच्या एमआरआयबद्दल विचारावे, कारण इकोमध्ये पंपिंग चांगले दिसत असतानाही डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या) भिंतीतील व्रण एमआरआयमध्ये दिसू शकतो. पुण्यात एमआरआय केंद्रे पुष्कळ असली तरी हृदयाचा एमआरआय सगळीकडे होत नाही, म्हणून वेळ घेतानाच तसे स्पष्ट विचारावे. भोर, दौंड किंवा शिरूरहून येणाऱ्या कुटुंबांनी फुफ्फुसांची तपासणीही त्याच दिवशी मिळते का, हे पाहावे. व्हीलचेअरवरील मुलाला घेऊन पुन्हा येणे सोपे नसते.

‘त्याला धाप लागत नाही’ यावर विसंबू नये. जे मूल धावतच नाही, त्याला धाप लागणार कशी? पोटदुखी, उलट्या, वजन घटणे, झोपमोड ही हृदय थकल्याची लक्षणे असू शकतात. इको सामान्य असला तरी वयाच्या 10 व्या वर्षापर्यंत एसीई इन्हिबिटर गटातील (रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार हलका करणारे) औषध सुरू करावे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे; मात्रा अर्थातच डॉक्टरच ठरवतील.

आईचीही जनुकीय चाचणी करावी. डिस्ट्रोफिनचे जनुक मुलग्याला आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते; पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये या जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो, त्यामुळे घरात आईला दोष देणे सर्वथा अन्यायाचे आहे. ती वाहक (हे बदललेले जनुक बाळगणारी) निघाली, तर तिच्या स्वतःच्या हृदयालाही धोका असतो; तिचा इको ठराविक वर्षांनी व्हायलाच हवा.

मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे: ‘ड्युशेन, भूल देताना सक्सिनिलकोलिन देऊ नये.’ सक्सिनिलकोलिन हे भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले जाणारे औषध आहे.